समुद्रसपाटीपासूनची उंची

पुणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली असते ती उंची,
वर लिफ्ट नसलेले तीन मजले.
तिथे मी समुद्र कालवला.
बादलीत, प्लॅस्टिकच्या डावाने,
पिशवीवरचं प्रमाण चष्मा पुसून पुन्हा वाचत:
लिटरला पस्तीस-छत्तीस ग्रॅम.

जलकेंद्रातल्या प्रयोगशाळेत तीस वर्षं
या गावाच्या पाण्यात क्लोरीन आहे ना, ते पाहिलं.
आता घरी बसून
क्लोरीन नाही ना, ते पाहते.

भाड्याची लोखंडी खाट परत गेली,
फरशीवर तिच्या पायांचे चार गंजके ठिपके राहिले,
त्यांच्यावरच टाकी बसवली.
सहा आठवडे नुसतं पाणी, वाळू आणि दगड.
न दिसणाऱ्या जिवाणूंना अमोनिया भरवायचा,
सकाळी चहाच्या आधी परीक्षानळी उजेडाला धरायची.
हिरवीची पिवळी झाली,
जांभळीची आकाशी व्हायला मात्र
गणपती येऊन गेले.

तळमजल्यावरचे खासगीवाले जिना चढून आले,
काचेला नाक लावून उभे राहिले.
"मासे कुठायत?"
"यायचेत."
"मग लाइट कुणासाठी जाळताय?"

दुकानात कणादला तो भगवा, पांढऱ्या पट्ट्यांचा हवा होता.
सगळ्या नातवंडांना तोच हवा असतो.
पण त्याचे कल्ले भराभर हलत होते,
जिना चढून आल्यावर माझा पदर हलतो तसे.
निळा डॅमसेल स्वस्त, दणकट.
मुनाफ म्हणाला, "मरणार नाही, ताई,
पण मागून येईल त्याला जगू देणार नाही.
पहिला भाडेकरू मालक होऊन बसतो."
हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

खालच्या कोपऱ्यात, पाइपच्या तुकड्यात
मळकट पिवळं काहीतरी
हनुवटी टेकवून बसलं होतं.
"हा कोण?"
"गोबी."
मला कोबी ऐकू आलं. म्हटलं, मग आमच्यात चालेल.

"खाताना दाखवा," मी म्हटलं.
मुनाफने चिमूटभर गोठलेली कोळंबी सोडली.
तो आला, गिळलं, मागे सरकत घरात गेला,
आणि दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवून
त्यातला एक माझ्यावर ठेवला.
नमुना पास, असं मी आयुष्यभर शिक्क्याने म्हटलंय.
त्या दिवशी तोंडाने म्हटलं.

पिशवी पुरणपोळ्यांच्या डब्यात, डबा मांडीवर.
नळ स्टॉपच्या सिग्नलला रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.
"समुद्रातला आहे," कणाद म्हणाला.
"मग सावकाश घेतो," तो म्हणाला,
आणि खरंच घेतलं त्याने,
मागचे हॉर्न अंगावर घेत.

पिशवी आधी तरंगत ठेवली.
मग तो डब्यात, आणि टाकीतून डब्यात बारीक नळी,
नळीला गाठ.
सेकंदाला दोन थेंब.
कणादने मोजायला सुरुवात केली, शंभरावर कंटाळला.
मी मोजत राहिले.
मार्चमध्ये याच जागी, श्रीनिवासच्या उशाशी
असेच मोजले होते.
तेव्हाही पाणी खारंच होतं.
नर्स म्हणाली होती, गाठ सैल करू नका, घाई नको.
मी घाई केली नव्हती.

तास झाला. जाळीतून सोडला.
एक पिवळी रेघ, आणि दगडामागे काळोख.
मग काहीच नाही.
तो दिवस नाही, दुसरा नाही.
कणाद आईबरोबर पिंपळे सौदागरला परत गेला,
फोनवर रोज एकच प्रश्न.
फ्रीजरमध्ये मटारशेजारी कोळंबीची वडी,
आमच्या फ्रीजरमध्ये, तीही तशीच.

तिसऱ्या सकाळी दगडाच्या पायथ्याशी
वाळूची रास दिसली, लिंबाएवढी,
काल नव्हती.
कुणीतरी रात्रभर
तोंडाने घर उपसलं होतं.

खासगीवाले आले. आधी हवा हुंगली,
वास सापडला नाही म्हणून थोडे नाराज झाले.
"मासे कुठायत?"
"आहे."
"दिसत नाही."
"आहे."
"आणि आज लाइट बंद का?"
"हळू बोला," मी म्हटलं.